अक्कांची राहिलेली हरकत

अक्का, तुमच्यावर चार ओळी लिहून द्या म्हणून कर्णिकबाई मागे लागल्या आहेत. आपल्या बैठकीच्या कपाटात ठेवायला म्हणे. त्यांनी मुद्देही काढून दिलेत: जन्म, माहेर, शिक्षण, स्वभाव. बालवाडीतल्या पोरांना शिकवून शिकवून त्यांना आता मोठ्यांनाही बोट धरून चालवायची सवय झाली आहे. तुमचा जन्म कधीचा ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नव्हतं. "आमची कपिला व्याली त्या आठवड्यातला," एवढंच तुम्ही सांगायचात, आणि कपिला कधी व्याली हे सांगणारं आता तुमच्या माहेरी, कुरुळीत, कुणी उरलेलं नाही. स्वभावाबद्दल लिहायचं तर खरं लिहावं लागेल, आणि गेलेल्या माणसाबद्दल खरं लिहिलेलं कर्णिकबाईंना पचायचं नाही. तेव्हा त्यांना मी काही देत नाही. हे तुम्हालाच लिहिते आहे.

तुम्हाला पाल्हाळ आवडत नसे, म्हणून मुख्य ते आधी सांगते. तुमची हरकत ऐकायची राहिली.

बुधवारी दिवेलागणीला तुमचा वसंत लष्कराच्या डेपोतून आला आणि हातपाय न धुताच आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "सुमनवहिनी, अक्काचा निरोप आहे. तिचं पुस्तक वाचून झालं. तिची हरकत आहे, पण उद्या बैठकीच्या आधी घरी येऊन जा म्हणाली. आधी तुम्हाला एकटीला सांगायची आहे." मी म्हटलं, "तुझ्या आईची हरकत नसलेलं पुस्तक अजून छापायचं आहे रे बाबा." तो हसला. मी पोळ्या करत होते. तुमच्या-आमच्या घरात एक भिंत, सकाळी जायचंच होतं. गुरुवारी उजाडता उजाडता त्या भिंतीपलीकडून तुमच्या सुनेची, शालिनीची हाक आली. मी पोचले तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून निजला होतात, आणि शालिनी तुम्हाला हलवून उठवत होती. डॉक्टर म्हणाले, हृदय केव्हाचंच थकलं होतं. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. हा तुमचा स्वभाव, कर्णिकबाईंच्या मुद्द्यात बसेल तर बसवा म्हणावं.

आपल्या बैठकीची ती रीत तुमच्यामुळेच पडली. आठवतं ना? पहिल्या गुरुवारी बालवाडीच्या खोलीत आपण डेपोच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्या बायका जमलो होतो. कर्णिकबाईंनी पुण्याहून पिशवीभर पुस्तकं आणून कपाटात लावली होती. वाचायचं, आणि गुरुवारी येऊन त्यावर मत सांगायचं, अशी त्यांची कल्पना. एकेक बाई उठली, पदर सावरला, "छान आहे" म्हणाली आणि बसली. तुम्ही दारापाशी बसला होतात. हळदीकुंकवाला तुम्हाला कुणी बोलवत नसे, म्हणून बायकांच्या घोळक्यात तुम्ही नेहमी उंबऱ्याच्या आसपासच बसायचात, बोलावणं नसल्यासारख्या. तिथूनच तुमचा आवाज आला.

"समद्यांचंच छान, मग एवढ्या उन्हाचं जमलो कशाला? घरी बसून छान म्हनलं असतं."

कर्णिकबाई जरा गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग म्हणाल्या, "मग अक्का, काय करावं म्हणता?" तुम्ही म्हणालात, "एकीनं चांगलं म्हनायचं, दुसरीनं त्यावर हरकत घ्यायची. हरकत घेतल्याबिगर पुस्तक कपाटात ठिवायचं न्हाई. मेल्या पुस्तकालाबी कळंल, कुनीतरी नीट वाचलं म्हून."

तेव्हापासून ही रीत. पहिली वाचणारी मत देते, दुसरी हरकत घेते, पहिलीला वाटलं तर ती उत्तर देते, आणि मगच पुस्तक कपाटात जातं. हरकत घ्यायला कुणी धजत नसे. शेजारणीचं मत खोडायचं म्हणजे उद्या नळावर भांडण. भांडायला बायकांना तेवढं कारण पुरतं. शेवटी मत द्यायला मी आणि हरकत घ्यायला तुम्ही, असं होऊन बसलं. मी कादंबऱ्या आणायची, तुम्ही बाकीचं सगळं: मधमाश्या, भूकंप, घरगुती औषधं, परदेशातल्या लोकांच्या चालीरीती, आकाशातले तारे. मी तुमच्या पुस्तकावर हरकत घ्यायची, तुम्ही माझ्या. चार वर्षं आपण भांडलो. आमचे हे म्हणायचे, "गुरुवारी तुमचं लग्न लागतं की घटस्फोट होतो?"

तुमच्या पुस्तकांनी आम्हाला जे भोगायला लावलं ते मी विसरलेले नाही. औषधांचं पुस्तक वाचलंत आणि आमच्या यांच्या गुडघ्यावर मोहरीचा लेप थापलात. गुडघा दुखायचा थांबला, कारण त्याहून जास्त आग व्हायला लागली. कातडं सोलून निघालं. हे आठवडाभर लंगडत डेपोत गेले आणि साहेबाला सांगितलं, पायरीवरून पडलो. भूकंपाचं वाचलंत तेव्हा तर तुम्ही शालिनीला, वसंताला, मला आणि माझ्या दोन्ही पोरांना भर दुपारी अंगणात काढलंत. फळीवरचे डबे वाजत होते, म्हणून. "पुस्तकात अगदी असंच लिवलंय, आधी भांडी बोलत्यात." आपण सगळे उन्हात उभे आणि रस्त्यावरून लष्कराच्या लॉऱ्यांची रांग चाललेली. देहूरोडला राहून डबे वाजले म्हणून घाबरणारी बाई तुम्ही एकट्याच, अक्का. गुरुवारी मी त्यावर हरकत घेतली: "हे पुस्तक ज्यानं लिहिलं त्याला डेपो माहीत नव्हता." बायका हसून हसून लोळल्या. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "उद्या खरंच हाललं तर कुनी भायेर काढनार न्हाई मग तुला."

आणि माझ्या कादंबऱ्या. त्यांच्यावर तुमची एकच हरकत असायची, फक्त शब्द बदलायचे: हे घडलेलंच नाही. कुठल्या गावचा, कुणाचा, काय सालचा, काही पत्ता नाही, आणि म्हणे त्याच्या दुःखानं आपण दुःखी व्हायचं. पण एक मानते. तुम्ही पुस्तक कधी अर्धं टाकलं नाहीत. नावं ठेवायची तर पुरतं वाचून ठेवायची, हा तुमचा हट्ट. माझी प्रत्येक कादंबरी तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत, आणि मग उठून खोटी म्हणालात.

एकदा दुपारी मी तांदूळ निवडत होते आणि शेजारी पुस्तक उघडं. तुम्ही ताक मागायला आलात. माझ्या डोळ्याला धार लागलेली बघून दारातच थबकलात, चेहरा उतरला तुमचा.

"कोन गेलं गं?"

"कुणी नाही अक्का. पुस्तकात."

तुम्ही आत आलात, ताकाचं भांडं भरून घेतलंत, आणि जाता जाता म्हणालात, "पुस्तकात गेलं त्याचं सुतक न्हाई. डोळं पूस, तांदळात पानी पडतंय."

मला तेव्हा राग आला होता. वाटलं, काय दगड बाई आहे. दगड हा शब्द मी मनात वापरला होता, तोंडावर नाही, हे एवढं मात्र खरं.

मग भाकरीचं झालं. मी कोकणातली, मला तांदळाच्या भाकरीपलीकडे काही येत नसे, आणि यांना बाजरीची हवी. तुम्ही मला शिकवायला बसलात. "ए भातखाऊ, पानी बेतानं घे. पीठ मागंल तेवढंच द्यायचं." माझ्या भाकऱ्या फाटत होत्या आणि तुमच्या हातातून गोल गोल उतरत होत्या. तेव्हाच, हात न थांबवता, तुम्ही तुमच्या लेकीचं, कुसुमचं सांगितलंत. मी विचारलं नव्हतं. या लाइनी नव्या झाल्या होत्या तेव्हाचं. वसंत आणि त्याचा धाकटा भाऊ लहान, कुसुम त्यांच्याहून मोठी. तिला ताप चढला तो उतरलाच नाही. दुपारी तिला घेऊन गेले आणि ऊन कलताना पुरुषमाणसं परत आली.

"गावाकडं असतो तर चूल पेटवायची पाळी आली नसती," तुम्ही म्हणालात. "मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. शेजारनी पिठलं-भाकरी घिऊन येत्यात, वरून झाकून. पार भावकीशी बोलनं नसलं तरी येत्यात. हितं कोन कुनाचं? ह्यो साताऱ्याचा, त्यो नगरचा, तुमी कोकनातलं. कुनाला कुनाचं नाव ठावं न्हाई. दारं लावून बसल्याती समदी. वाईट न्हवती गं मानसं. त्यास्नी वाटलं, दुसरं कुनीतरी नेलं असंल. आन पोरं भुकेली. म्या उठले, चूल पेटवली, पीठ मळलं."

मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"म्या काय? भाकऱ्या केल्या. रडायला याळ कुठं व्हता? पिठाला पानी लागतं तेवढं घातलं. मंग रडायचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

आणि तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत. लाइनीत कुणाच्याही घरी माणूस गेलं की झाकलेलं ताट घेऊन सगळ्यात आधी तुम्ही का जाता, ते मला त्या दिवशी समजलं. घर हमीदाबीचं असो की मद्रासकडच्या अय्यरांचं, तुम्ही जात विचारली नाहीत, ओळख असण्याचीही वाट पाहिली नाहीत. अय्यरांच्या आजी गेल्या तेव्हा त्यांना पिठलं काय असतं तेच माहीत नव्हतं. त्यांनी ते दारात बसून खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी तुमचं ताट घासून त्यात मूठभर तांदूळ घालून परत दिलं.

आता त्या शेवटच्या कादंबरीकडे येते, कारण तिथंच सगळं अडलंय. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. नदीकाठची बाई, तिचं लेकरू बुडतं, आणि मग ती पानंच्या पानं रडते. नदीला बोलते, झाडाला बोलते, लेकराच्या अंगड्याला बोलते. मी वाचली आणि दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही. बैठकीत मी मत दिलं की इतकं खरं दुःख मी कागदावर पाहिलेलं नाही. समोर दारापाशी बसून तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी पुस्तक तुमच्या हातात दिलं. मनातून म्हटलं, हिला आता नाव ठेवा पाहू.

तुम्ही ते फार दिवस ठेवलंत. दर गुरुवारी कर्णिकबाई विचारायच्या आणि तुम्ही म्हणायचात, "व्हतंय, व्हतंय, डोळ्याला त्रास हाय." मला वाटलं, तुम्ही हरकती गोळा करताय. मग बुधवारी तो निरोप आला. आधी तुला एकटीला सांगायचीय. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुमची हरकत नेहमी चारचौघींत, खणखणीत. मी मनाशी ठरवलं, या वेळी माझं मत इतकं कच्चं ठरणार आहे की अक्कांना माझी कीव आलीय, बायकांपुढे माझी फजिती नको म्हणून आधी सांगताहेत.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नाही. हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही, कारण तुम्हाला ते कळेल. तुमच्या घरी चूल बंद, आणि झाकलेलं ताट नेणाऱ्या तुम्हीच नव्हतात. मी घरी आले, पीठ काढलं, पाणी बेतानं घेतलं. पिठलं घोटलं. भाकऱ्या गोल झाल्या, अक्का. एकही फाटली नाही. तुम्ही असता तर बघितलं असतंत. हमीदाबीनं डाळ दिली, अय्यरबाईंनी भात. सगळं झाकून तुमच्याकडे नेलं. वसंत जेवत नव्हता, त्याला बसवून दोन घास भरवले. शालिनीला आंघोळ घालून तिचे केस विंचरले. पाहुण्यांचं बघितलं, पाण्याचं बघितलं, माझ्या पोरांचा अभ्यास घेतला. दिवस गेला. पुढचेही तसेच गेले. डोळे कोरडेठाक. आमचे हे एकदा म्हणाले, "तू जरा रडून घे." मी म्हटलं, "डाळ लागेल खाली, बाजूला व्हा."

आणि तिथे, डाळ ढवळता ढवळता, मला तुमची हरकत सापडली. सापडली असं वाटलं.

तुमचा तेरावा झाल्यावरच्या गुरुवारी बैठक भरली. ते निळं पुस्तक तुमच्या घरून कर्णिकबाईंनी आणून टेबलावर ठेवलं होतं. तुमची दारापाशीची जागा सगळ्यांनी मोकळी सोडली होती, कुणी न सांगता. कर्णिकबाई म्हणाल्या, "हे पुस्तक आता असंच कपाटात ठेवूया. अक्का गेल्या, हरकत कोण घेणार?" मी उभी राहिले. म्हटलं, "रीत त्यांची आहे. त्यांनी हरकत आहे असा निरोप दिला होता. ती घेतल्याशिवाय पुस्तक कपाटात जायचं नाही. मी घेते, त्यांच्या वतीनं."

"तुमच्याच मतावर?"

"हो. माझ्याच."

आणि मी बोलले. म्हटलं, ही बाई एवढी रडली, तर त्या दिवशी तिच्या घरी स्वयंपाक कुणी केला? लिहिणाऱ्यानं ते कुठेच लिहिलेलं नाही. तिच्या थोरल्या मुलाला कुणी जेवू घातलं? नवरा घरी आला तेव्हा त्याच्यापुढे पाणी कुणी ठेवलं? दुःख झालं की माणूस नदीशी बोलत नाही, पीठ मळतो. ज्यानं हे लिहिलं त्यानं बाईच्या रडण्याची जागा बघितली, पण चूल बघितली नाही. म्हणून हे पुस्तक खोटं आहे. अक्कांनी हेच म्हटलं असतं. मी असं बोलताना तुमचाच सूर माझ्या आवाजात आला, बायकांनाही तो ओळखू आला. हमीदाबीनं मान हलवली. "सच्ची बात है," म्हणाली. कर्णिकबाईंनी डोळे पुसले. मग रिवाजाप्रमाणे त्या मला म्हणाल्या, "मूळ मत तुमचं. काही उत्तर?"

मी म्हटलं, "उत्तर नाही. अक्कांचं बरोबर आहे."

चार वर्षांत पहिल्यांदा मी तुम्हाला हे म्हटलं. मग खाली बसले. मनाला एक प्रकारचं समाधान होतं. वाटलं, तुमचं देणं दिलं. तुमची हरकत तुमच्या माघारी नीट पोचवली. कर्णिकबाईंनी पुस्तक उचललं आणि कपाट उघडलं.

तेवढ्यात शालिनी उठली. तुमची सून, अक्का, जी चार वर्षांत बैठकीला एकदाही तोंड उघडून बोलली नाही. तुमच्या जागेशेजारी, उंबऱ्याला टेकून ती बसली होती. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

"त्या असं न्हाई म्हनायच्या," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं तशी ती बिचकली, पण बसली नाही. तिचं माहेर नगरकडचं, ती हळू बोलते. बायका ऐकायला तिच्याकडे सरकल्या.

"त्या बुधवारी दुपारी त्यांचं वाचून झालं. मी भांडी घासत होते भायेर. आत आले तर सासूबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून बसल्या होत्या. पुस्तक मांडीवर. अंग हालत होतं त्यांचं सगळं. मी घाबरले. गावाकडनं काही कागद आला का, म्हनून विचारलं. तर म्हनाल्या..." शालिनी थांबली. "म्हनाल्या, 'आपली कुसुम गेली गं.' इतक्या वर्सांनी असं बोलल्या, मला ते येगळंच वाटलं. मी त्यांच्याजवळ बसून ऱ्हायले. लई वेळ रडल्या. त्या दिवशी त्यांनी भाकरीला हात लावला न्हाई. मी लगीन करून आले तवापासनं पहिल्यांदा. मला म्हनाल्या, 'आज तू कर, माझ्यानं व्हायचं न्हाई.'"

कर्णिकबाईंच्या हातात पुस्तक तसंच.

अक्का, ती हरकत काय होती? आता मला कधीच कळणार नाही. वाटतं, हे असं लिहू नये अशी असेल, माणूस किती जुनं बांधून ठेवतं आणि हे लिहिणारे लोक गाठ सोडतात. किंवा तुमची हरकत पुस्तकावर नसेलच. पुस्तकात गेलं त्याचं सुतक न्हाई, या तुमच्याच बोलण्यावर असेल. ते चारचौघींत बोलायला तुम्हाला जड जात होतं, म्हणून मला आधी बोलावलंत. मी आपली फजितीच्या भीतीत. कधी कधी याहून वाईट विचार येतो, की ते पुस्तक मीच तुमच्या हातात ठेवलं, आणि इतक्या वर्षांचं रडणं त्या थकलेल्या हृदयाला एका दुपारी झेपलं नाही. हे मी कुणाला बोलले नाही. हे म्हणतील, वेडी आहेस. डॉक्टर म्हणतील, तसं काही नसतं. तुम्ही काय म्हणाला असता ते सांगायला तुम्ही नाही.

मी उठले आणि कर्णिकबाईंच्या हातातून पुस्तक परत घेतलं. म्हटलं, "मी घेतलेली हरकत मागे घेते. ती अक्कांची नव्हती." त्यांनी विचारलं, "मग पुस्तकाचं काय करायचं?" मी म्हटलं, "हरकत घेतल्याशिवाय कपाटात नाही." ते आता माझ्या फळीवर आहे, तिखटाच्या डब्याशेजारी. तिथंच राहील.

खरं तर वाद मी जिंकले. चार वर्षं मी तुम्हाला तेच सांगत होते, की न घडलेल्या माणसाचं दुःख खरं असू शकतं, की त्यात आपलं माणूस सापडतं. तुम्ही मानलं नाहीत, आणि मग एका दुपारी मानलंत, आणि ते मला सांगायला सकाळपर्यंत थांबलात. असला जिंकलेला वाद घेऊन मी काय करू? हरायचं मला तुमच्यासमोर होतं, जिंकायचंही तुमच्यासमोरच होतं.

त्या दिवशी बैठकीहून घरी आले. ऊन कलायला लागलं होतं. परातीत पीठ काढलं, तांब्या जवळ ओढला आणि पाणी घालायला हात पुढेच जाईना. तशीच बसून राहिले. मग आलं, अक्का. सगळं एकदम आलं. तुमचा तो "कोन गेलं गं" आला, उन्हात अंगणात उभ्या केलेल्या पोरांची रांग आली, भिंतीकडे तोंड करून निजलेल्या तुम्ही आलात. शाळेतून पोरं आली आणि दारातच उभी राहिली. हे आले, त्यांनी पोरांना बाहेर नेलं. अंधार पडू लागला तरी मी पिठाच्या परातीपाशीच. चूल थंड.

मग दार लोटून शालिनी आली. तिच्या हातात ताट होतं, तुमचंच, कडेला पोचा आलेलं, वरून दुसरं ताट उपडं घालून झाकलेलं. तिनं ते माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, "अगं, हे काय? मयत तुमच्या घरचं. मी तर शेजारीण."

"तुमच्या कौलांतनं धूर न्हाई निघाला," ती म्हणाली. "सासूबाईंनी मला सांगून ठेवलंय, धूर नसंल तिथं न्यायचं."

तिनं झाकण काढलं. पिठलं होतं आणि भाकरी. भाकरी एका कडेला फाटलेली होती, अजून तिला तुमच्यासारखी जमत नाही. ती माझ्याजवळ बसली आणि मी पहिला घास घेईपर्यंत उठली नाही.